चित्र येईपर्यंत

"लेकीच्या गं गावा जाता, उभ्या उभ्या पानी प्यावं;
तिच्या भरल्या घरातून, रित्या हातानं निघावं."

कांदा खुरपताना आई हे म्हणायची. चांगुणाबाई तेव्हा परकर सावरत तिच्या मागच्या वाफ्यात असायची. आई गेली, ते वावरही वाटण्यात गेलं, पण आवाज कानातून निघाला नाही. लेकीपाशी काही मागायचं नाही, एवढं त्यानं शिकवलं होतं, आणि चांगुणाबाईनं ते पाळलं. माधुरीकडे तिनं लुगडं मागितलं नाही, औषध मागितलं नाही. फोन करत जा, असंसुद्धा कधी म्हणाली नाही.

फोन यायचा तो टीव्हीचं रिचार्ज संपलं की. महिन्याच्या महिन्याला.

माधुरी कोपरगावला दिलेली. पतसंस्थेत नोकरी, दोन पोरं, अंथरुणाला खिळलेली सासू. रिचार्ज ती तिकडूनच मोबाईलवर मारायची आणि लगेच फोन लावायची. "आई, बॉक्स बंद करून परत चालू कर. चित्र येईपर्यंत मी हाय फोनवर." मग त्या काळ्या पडद्यासमोर मायलेकींचं बोलणं सुरू व्हायचं. पोरांची शाळा, सासूचं पथ्य, भाजीला काय केलंस, पारनेरच्या बाजारात कांदा काय भावानं गेला. बोलता बोलता माधुरी हसायची, तेव्हा लहानपणीसारखीच नाकात हसायची.

चित्र खरं तर चटकन यायचं. पण चांगुणाबाई रिमोटनं आवाज पार बारीक करायची आणि म्हणायची, "न्हाई बाई, अजून अंधारच हाय."

एवढीच तिची चोरी. घरात नवऱ्याला, रंगनाथलाही ठाऊक नव्हती.

मागच्या आठवड्यात लाइट जास्त आली आणि बॉक्स जळाला. म्हणून आज दोघं नवरा-बायको एसटीनं सुप्याला, शाहबाजच्या दुकानात आली होती.

शाहबाजनं दोन बॉक्स काउंटरवर मांडले. "नाना, हा रिचार्जवाला. चॅनल जास्त, पण महिन्याला पैसे भरा. आणि हा फ्री डिशचा. एकदा घेतला की पुन्हा काही भरायचं नाही. घरावरची छत्री तुमची तीच चालेल, फक्त तोंड फिरवावं लागेल. ते मी येऊन करतो."

"मग इच्यारतो काय? फुकटवाला बांध," रंगनाथ म्हणाला.

"थांबा की वाईच." चांगुणाबाईनं तो बॉक्स उचलून पाहिला. "लई हलका हाय."

"बॉक्स हाय त्यो, वरवंटा न्हाई."

"बटनं बारीक हायेत रिमोटची."

"दोन्हीची सारखीच आहेत, मावशी," शाहबाज म्हणाला.

"मराठी बातम्या?"

"येतात. गाणी, पिक्चर, शेतीचं, सगळं येतं."

"आन् आभाळ आलं तर?"

"आभाळ आलं तर दोन्ही जाणार. आभाळाला काय फुकटचं आणि विकतचं कळतं का, मावशी?"

रंगनाथ हसला. "शाहबाज, हिला सोयरीक बघायला कुनी नेऊ नका. पोरीचं नाक, पोराचं कान काढून लगीन मोडून यील."

चांगुणाबाई हसली नाही. तिच्याजवळच्या खोडी संपल्या होत्या. तिनं रिचार्जच्या बॉक्सवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"माधुरीलाच इच्यारू," रंगनाथनं मोबाईल काढला. "भरनारी ती हाय." फोन लावून, स्पीकर चालू करून त्यानं तो दोन बॉक्सच्या मधोमध ठेवला.

माधुरीच्या आवाजामागं माणसांची गजबज होती. रंगनाथनं सगळं सांगितलं.

"फ्री डिशच घ्या नाना. बरंच होईल, माझ्यामागचं एक काम तरी कमी होईल. मागच्या महिन्यात आईला चित्र येईना आणि इकडं माझ्यासमोर ही रांग. साहेब येऊन उभे राहिले. रिचार्ज संपलं की मला धसकाच बसतो आता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. डोक्यावरची पाटी उतरवताना बाई जसा श्वास सोडते, तसं ती बोलली होती.

चांगुणाबाई फोनकडे बघत राहिली. काळ्या पडद्यासमोरचा तो वेळ तिला आपल्या दोघींचा वाटत आला होता. त्याच्या पलीकडं लेक रांगेसमोर, एका खांद्यावर मान वाकडी करून फोन धरत असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिनं बॉक्सवरचा हात काढला.

"बांध शाहबाज. फुकटवालाच बांध."

"झालं बघा," रंगनाथ म्हणाला.

"ठेवू मग, आई?" माधुरीनं विचारलं.

रंगनाथचं बोट लाल खुणेकडं गेलं. चांगुणाबाईनं फोन उचलून घेतला. स्पीकर चालूच होता, तरी तिनं तो तोंडाजवळ नेला. शाहबाज खोक्याला चिकटपट्टी लावता लावता थांबला.

"माधुरी."

"बोल ना आई. लवकर बोल."

"मागल्या म्हयन्यात चित्र लगीच आलं हुतं. दर येळी लगीच येतं. मीच न्हाई म्हनायचे."

तिकडची गजबज जरा लांब गेली. मग माधुरीचा आवाज बारीक झाला. "का गं?"

"तू बोलत ऱ्हावीस म्हनून." चांगुणाबाईनं पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. "आता रिचार्ज न्हाई. तुझं काम उरकलं, पोरं जेवली, की फोन करत जा बाई. काय कारन नसलं तरी. मला तुझी लई आठवन येती."