आमची सावड परत द्या!

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच तडकलेली आहे, पाठीला रबर गुंडाळलेलं आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. तुम्ही म्हणाल, मोबाइलला कसला आलाय राग? आधी ऐका, मग ठरवा.

मी कुठल्या कारखान्यात बनलो ते मला आठवत नाही. शहापूरच्या दुकानातून खर्डीला वैष्णवीच्या घरी आलो, तेव्हापासूनचं सगळं आठवतं. ती तेव्हा अकरावीत होती. पहिल्याच दिवशी तिने माझ्यात 'आवण' नावाचा खेळ घेतला. आवण म्हणजे भाताची रोपं, हा भातशेतीचा खेळ. पालापाचोळा जाळून राब भाजायचा, त्यात रोपं वाढवायची, बांध घातलेल्या खाचरात लावणी करायची. त्यातली खरी गंमत होती सावड. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात राबायचं, उद्या तुझ्या. दोन मोबाइल शेजारी ठेवले की एकमेकांच्या शेतात उतरता यायचं. त्याला नेट लागत नसे.

वैष्णवीची मावसबहीण रेश्मा मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याला राहते. तिथे रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. सुट्टीत दोघी ओटीवर बसत. मी आणि रेश्माचा मोबाइलही शेजारी शेजारी बसायचो. "माझा मोबाइल कधी दगा देत नाय," असं वैष्णवी म्हणाली, की मी फुगून जायचो.

मग खेळाचा दुसरा भाग येणार अशी बातमी आली. त्यात सावड काढून टाकली होती! लावणीला मजूर विकत घ्यायचे, तेही नेट चालू ठेवून. म्हणजे रेश्मा बादच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सावड काय विकत मिळते?

वैष्णवीने आवण खेळणाऱ्यांचा ग्रुप काढला. जवळच्या सापगावपासून थेट कोल्हापूरपर्यंतची माणसं त्यात आली. कंपनीला तिने किती निरोप लिहिले असतील! सगळे माझ्याच तडकलेल्या काचेवर. उत्तर एकच यायचं, 'आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे.' आदर! तो काय भाकरीशी लावून खायचा?

शेवटी कंपनीने दिपेश नावाचा आपला माणूस खर्डीला पाठवला. ग्रुपमधली आसपासची मंडळी भांडायला कंबर कसून जमली. पण जेवणाची वेळ झाली होती आणि वैष्णवीची आई संजीवनी दारातच म्हणाली, "आधी हातपाय धुवा, दोन घास खा, मंग बोला काय ते." तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर आग्रह. दिपेश पोटभर जेवला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

"आये, भांडायचं व्हतं ना त्याच्याशी?" वैष्णवी कुजबुजली.

"आपल्या ताटात जेवला ना गो तो? आता कसा भांडशील?"

मग हसत हसत फोटो निघाले आणि दिपेश गेला. थोड्याच दिवसांत जाहिरात आली, 'शेतकऱ्यांच्या मुलांनी पसंत केलेला नवा खेळ!' वर आमचाच फोटो. वैष्णवीच्या हातात मी. आणि मित्रांनो, माझ्या काचेवरची चीरसुद्धा त्यांनी पुसून टाकली होती! इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

"खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्यानं!" संजीवनी कडाडली. "आता नाय गप बसायचं, पोरी."

नव्या खेळाची आगाऊ नोंदणी सुरू होती आणि किती जणांनी नाव घातलं, तो आकडा सगळ्यांना दिसत होता. वैष्णवीने ग्रुपवर लिहिलं, 'सावड नाय तर नोंदणी नाय.' एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकेक करून नाव काढू लागली. आकडा रोज घसरायचा आणि मला रोज जोर यायचा. अखेर कंपनी नमली. सावड परत आली, तीही नेटशिवाय चालणारी.

तेव्हा खेळणारे एक झाले तर खेळ बनवणाऱ्यांना वाकवता येतं. मी ते या तडकलेल्या काचेतून पाहिलं आहे.

पण पुढे काय झालं? नवा खेळ आला आणि माझ्याच तोंडावर अक्षरं उमटली, 'हा मोबाइल जुना झाला आहे, नवा खेळ यावर चालणार नाही.' वैष्णवी आता कल्याणला नोकरीला होती. तिने नवा मोबाइल घेतला आणि मला खर्डीच्या घरी जुन्या चार्जरांबरोबर डब्यात टाकलं. गरज सरो, वैद्य मरो! ज्याच्या जिवावर लढलात, त्याला डबा? मी आत चरफडत पडून राहिलो.

दिवाळीला वैष्णवी खर्डीला घरी आली, रेश्माही आली. तिच्याकडे तोच जुना मोबाइल, तोच जुना खेळ. वैष्णवी नवा मोबाइल घेऊन शेजारी बसली. नव्या खेळातून जुन्या शेतात उतरता येईना. रेश्माने आपला मोबाइल मागे ओढून घेतला.

"तुमची सावड आली परत," ती म्हणाली. "आता माझ्या खाचरात कोन येल गो?"

वैष्णवीचा चेहरा उतरला. ती उठली, डबा उपडा केला आणि मला चार्जरला लावलं. "थांब गो," ती एवढंच म्हणाली, "हा येल."

मित्रांनो, कंपनीला जाब जरूर विचारा. पण आपलं खाचर लावून झालं की दुसऱ्याच्या बांधावरून मागे फिरू नका. जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या भरवशावर अजून कोण बसलं आहे, ते विचारा. आणि वापरायचं असेल तर तिला नीट जपा.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण त्या दिवशी रेश्माचं खाचर आम्ही लावून दिलं.