नसलेला दीर

शिवणाच्या दुकानातल्या त्या बाईंची कात्री चालायची तसंच तोंडही चालायचं. गिऱ्हाइकांच्या फिरक्या घेत घेतच त्या कापड बेतायच्या. त्यामुळे एका दुपारी त्यांनी बाहीच्या जागी कॉलर टाचली, तेव्हा सगळ्यांना ती थट्टाच वाटली. लोक का हसतात, ते बाईंना मात्र कळेना. सर्दीचा साधा ताप येऊन गेला होता. मग डोकं असं ओल्या कापसासारखं जड का?

संध्याकाळी नवरा बस डेपोत लावून घरी आला. बाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"तुम्ही यांचे भाऊ का?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"हो, जुळा," तो हसत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. चेहरा तोच, आवाज तोच, पण माणूस दुसरा. हे कसं, ते त्यांनाही सांगता येईना. "बसा, ते येतीलच इतक्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

भांडी पुसणाऱ्या नणंदेचा हात थांबला. "दादा, वहिनी थट्टा करत नाहीये. कपाळाला हात लावून बघ."

अंग पुन्हा तापलं होतं.

इस्पितळात पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. डॉक्टरीणबाई काय सांगतायत, ते बाईंना तुकड्यातुकड्यांत ऐकू आलं. "जंतूंशी लढताना शरीर स्वतःच अंग तापवतं. जंतू गेले, पण यांच्या शरीरानं लढाई थांबवलीच नाही. आता ते स्वतःच्याच मेंदूवर उठलंय. तिथे सूज आलीय."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," नणंद पुटपुटली.

"अगदी तसंच. ती लढाई आवरायचं औषध सुरू करतोय."

दीर खाटेशी बसून राहायचा. भरवायचा, वेणी घालायचा. 'अगं, मीच तुझा नवरा,' असं तो एकदा म्हणाला, तेव्हा बाई घाबरून रडल्या. पुन्हा तो तसं बोलला नाही.

"भाऊजी, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला, वहिनी," तो खाली बघत म्हणायचा.

हळूहळू सूज उतरली. एका सकाळी बाईंनी डोळे उघडले, तर खुर्चीत नवरा पेंगत होता.

"अहो, कधी आलात? भाऊजी गेले का?"

तो दचकून जागा झाला. "गेला," तो म्हणाला.

घरी आल्यावर नणंदेनं सगळं समजावलं. दादाला भाऊ नाही, हे काय बाईंना ठाऊक नव्हतं? लग्न होऊन इतकी वर्षं झाली. पण त्या माणसाचा हात आठवला की त्या दाराकडे बघत बसायच्या, आणि कुणासाठी ते कळायचं नाही.

"माझी वेणी कोण घालायचं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मीच."

"तुम्हाला येते?"

"कुठली. सारखी सुटायची."

बाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या. "घाला बरं."

त्यानं केसांचे तीन पेड केले. बाई डोळे मिटून ते हात ओळखायचा प्रयत्न करत होत्या. कधी वाटे तेच, कधी वाटे नाहीत.