आतला जोड

शर्यतीच्या तपासनिसाने गाडीतल्या पाइपाच्या भोकात बारीक तार घातली आणि तो ती सावकाश फिरवू लागला, तेव्हा हिंमतरावांनी सीतारामकडे पाहिले. सीताराम खुशीत होता. गाडी उलटली तर आतला माणूस चेंगरू नये म्हणून लागणारा हा लोखंडी सांगाडा त्याने कसबा पेठेतल्या दुकानात, गेट-ग्रिलची कामे बाजूला सारून, निव्वळ दोस्तीखातर जोडून दिला होता. त्या सांगाड्याशिवाय शर्यतीत कुणाला उभे करत नाहीत.

कोथरूडहून खराडीला कंपनीची माणसे नेण्या-आणण्यात हिंमतरावांचा जन्म चालला होता. ऐंशीच्या वर गेले की त्या गाडीतला बझर बोंबलायचा, आणि मागचे साहेबलोक त्याच्याही आधी. एकदा तरी पाय मोकळा सोडून गाडी हाणावी, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी घरची जुनी झेन गाडी त्यांनी पार सोलून काढली. मागचे सीट गेले, शेजारचेही गेले. वजन घटले की वेग फुकटात मिळतो.

"आता मीच तेवढी जड राहिले," असे त्यांची बायको कौशल्या म्हणाली होती. आज मात्र ती डबा घेऊन सीतारामच्या स्कूटरवर आली होती.

तार अडली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच अडली.

"काका, नियमात अखंड पाइप लागतो. हा पत्रा वळवून जोडलेला आहे."

"जोड कुठंय?" सीताराम म्हणाला. "ग्राइंडर मारून काढलाय मी. हात फिरवून बघा ना."

"बाहेरून काढलात. आत आहे तसाच आहे. गाडी उलटली की तिथेच फाटणार."

सीतारामचा चेहरा पडला. गेटाला आतून कोण बघतो? शिवाय अखंड पाइप परवडत नाही, जोड दिसला नाही म्हणजे झालं, हे त्याला हिंमतरावांनीच सांगितले होते. सीतारामने ते चारचौघांत काढले नाही. काढले असते तर हिंमतरावांना बरे वाटले असते. तो स्कूटरला किक मारून निघून गेला.

शर्यत हुकली; परतताना कौशल्या झेनमध्येच मागे उघड्या पत्र्यावर बसली. मांडीवर न उघडलेला डबा, हातात आधाराला सीतारामच्या सांगाड्याचा गुळगुळीत पाइप.

बायपास मोकळा होता. या गाडीत बझर नव्हता, तरी काटा चाळिशीच्या पुढे सरकत नव्हता.

"जाऊ द्या की जोरात," कौशल्या म्हणाली. "आता कोण अडवतंय?"

हिंमतरावांनी पुढचा खड्डा पाहिला आणि तिला दणका बसू नये म्हणून ब्रेक दाबला.