बुजत गेलेली भेग

एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या चादरीत भेग घातली आणि चादर ताणली, तर ती भेगेच्या टोकापासूनच फाटते. भेग जितकी लांब, तितकी चादर दुबळी. यात वादाला जागा नाही. २००९ साली राजारामपुरीतल्या घरी, कॉम्प्युटरवर, मी माझ्या प्रबंधासाठी हेच गणितानं सिद्ध करत होतो.

खंडेनवमीला माझ्या बायकोनं, पवित्रानं, कॉम्प्युटरला विभूती लावली, फूल वाहिलं. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नसतं, पण मला कुठला दम! म्हटलं, "भेग तूच घाल. घरच्या लक्ष्मीचा हात लागू दे."

"माझ्या टाक्यांसारखीच घालते की," ती हसून म्हणाली, आणि आमच्या लेकीच्या, सौंदर्याच्या, जन्मावेळी तिचं सिझेरियन झालं होतं, त्याच्या व्रणासारखी आडवी, किंचित वाकडी रेघ तिनं माउसनं ओढली.

मी ताण दिला, तर भेग फाकायच्या ऐवजी मिटायला लागली. अणूला अणू जुळत होता, चादर उलट बळकट होत होती. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला, चूक नाही. आनंदानं मी नाचायचा बाकी होतो! असलं काही जगात कुणी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरानं पवित्रानं आरशासमोरून हाक मारली. "अहो, बघा की, व्रण एका बाजूनं गेलाय." खरंच, तिथली कातडी कोरी होती. म्हटलं, सहा वर्षं झाली, जिरायचाच. त्याच दिवशी ती सौंदर्याचा डबा भरायला विसरली. दुसऱ्या दिवशी पोरीची वेणी घालता घालता मध्येच थांबली आणि हातातल्या केसांकडं नुसती बघत राहिली. पोरगी रडवेली झाली. व्रण आणि भेग एकदमच मिटताहेत, हे माझ्याही ध्यानात आलं, खोटं कशाला बोलू. पण शास्त्राच्या माणसानं असल्या योगायोगांना भीक घालायची नसते, आणि भेग आता जेमतेम दोन अणूंची उरली होती. मी ताण वाढवला.

दुपारी चादर अखंड झाली. तिची ताकद बिनभेगेच्या चादरीइतकी भरली, तंतोतंत! मी टाळी वाजवली, तेवढ्यात दाराची कडी वाजली. शाळा सुटली होती. पवित्रा दार उघडायला गेली. इतकी मोकळी, इतकी ताजी ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. दारात दप्तर घेऊन उभ्या असलेल्या सौंदर्यापुढं ती मायेनं वाकली.

"कुणाची गं तू? घर चुकलीस व्हय?"

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, हिला आत बसवते. येईल की तिची आई शोधत."