इस्त्रीबाईची फुलं
वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. तीस वर्षं ती टीपकागदात फुलं दाबत होती, जाड कागदावर डकवत होती, आणि तिच्या हातचं फूल म्हणजे अगदी परीटघडीचं. नावाचा तिला राग नव्हता. उलट थोडा तोराच होता.

आज साहेब तिनेच डकवलेले दोन कागद तिच्यापुढे नाचवत होते. दोन्हींवर पिवळी रानफुलं, सूर्यफुलाच्या कुळातली, सख्ख्या चुलत बहिणीच म्हणा ना. एक कुठेही उगवणारं, दुसरं फक्त खाणीमागच्या उतारावर.

"मावशी, तसूभर तरी फरक आहे का? दुसऱ्याची चिठ्ठी काढा, पहिल्याची लावा. उतारावरच्या फुलांचे सगळे कागद जोडून चारला खाणीच्या परवानगीचा अहवाल जायचाय."

चिठ्ठी बदलली की उतार खाणीच्या घशात जाणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. पैशाला पासरी मिळणाऱ्या फुलासाठी खाण कोण अडवतंय?

तिने जेवणाचा डबा उघडला. आत जेवण नव्हतंच. सकाळी वाट वाकडी करून ती उतारावर जाऊन आली होती. एक फूल तिथलं, एक इथल्याच फाटकाजवळचं.

"उलटी करून बघा, साहेब."

फाटकाजवळच्या फुलाच्या तळाची बारीक हिरवी पानं फुलाला बिलगलेली होती. उतारावरच्याची सगळी खाली देठाकडे मुरडलेली, रुसून बसल्यासारखी.

साहेबांनी दोन्ही फुलं पुन्हा पुन्हा फिरवली. "मग कागदावर का दिसत नाही हे?"

तिने डबा बाजूला सारला. आता माघार नाही.

"मी सरळ केली म्हणून. चिमट्याने, दर वेळी. मुरडलेली पानं गबाळी दिसायची. तुम्ही सगळे शाबासकी देत गेलात, मी इस्त्री करत गेले."

"हे बाहेर बोलू नका," साहेब हळूच म्हणाले. "तीस वर्षांचं नाव मातीत जाईल."

"जाऊ दे की. फुलं मातीतच उगवतात."

तिने कपाटातून उतारावरच्या फुलांचे सगळे कागद काढले, एकेचाळीस. लाल पेन्सिलीने प्रत्येकावर लिहिलं: 'पानं मी सरळ केली आहेत. मुळात ती मुरडलेली असतात.' कागदांवर आजवर फुलं गोळा करणाऱ्यांचीच नावं असायची, डकवणारीचं कधीच नाही. तिने एकेचाळीस वेळा खाली ठसठशीत सही केली.

मग गठ्ठा साहेबांपुढे सरकवला.

"घ्या. आता जोडा अहवालाला."