एक फुटाची पट्टी

देवपुरातल्या आमच्या कॉलनीचा नकाशा मी काढलाय. पूर्वी हे मी कुणी न विचारता सांगायचो. आता कुणी विचारूच नये असं वाटतं.

चाळीस वर्षं धुळ्यात मी हेच काम केलं. शेत एन.ए. झालं की मालक सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन यायचा. मी त्यावर प्लॉट पाडायचो, रस्ते सोडायचो, मंजुरीला पाठवायचो. जुन्या धुळ्यात चार नंबर गल्लीतून पाचात निघता येतं, पाचातून सहात. कुठूनही घुसा, कुठूनही सुटा. आम्ही शहर वाढवलं ते शेताशेताने. ज्याचं शेत त्याचा रस्ता, आणि बांध आला की रस्ता खलास. शेजारच्या शेताचा लेआउट दुसऱ्या कुणाकडे असायचा. त्याने रस्ते आडवे घेतले असतील तर आम्ही उभे घ्यायचो, कारण गिऱ्हाइकाला पूर्वेचं तोंड हवं. पुढचं पुढचा बघून घेईल, असं आम्ही सगळेच म्हणायचो. पुढचाही तेच म्हणायचा.

माझी धाकटी बहीण लिलाबाई मागच्या कॉलनीत राहते. माझ्या गच्चीवरून तिच्या दोरीवरची लुगडी दिसतात. मधे फक्त कंपाउंडची भिंत. त्या भिंतीला बारा वर्षांपूर्वी कुणीतरी खिंडार पाडलं, तेव्हापासून दोन्हीकडची माणसं त्यातूनच दूध आणतात, दळण नेतात, लग्नपत्रिका वाटतात. दोन वर्षांपूर्वी लिलाबाईची उजवी बाजू गेली. तेव्हापासून रोज अकरा वाजता मी डबा घेऊन त्या खिंडारातून जातो. कळण्याची भाकरी, पातळ वरण, कधी वांग्याचं भरीत. घास मोडून तिच्या डाव्या हातात द्यायचा. खिंडारातून चार मिनिटं लागतात. रस्त्याने जायचं तर आधी मोठ्या रस्त्याला लागा, तिथून त्यांच्या कमानीतून आत शिरा, म्हणजे अडीच किलोमीटर. माझं वय चौऱ्याहत्तर, आणि गुडघ्यांचं तर विचारूच नका.

तिची मुलगी मृणाली चाळीसगावला शिक्षिका आहे. ती दर रविवारी यायची आणि आईला घेऊन जाण्याचा विषय काढायची. लिलाबाईचं उत्तर ठरलेलं होतं.

“भाऊ रोज येस. तठे मी कोनासंगे बोलू?”

मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये आमच्या कॉलनीत दोन मोटारसायकली चोरीला गेल्या. चोर खिंडारातून आले, असं कमिटीने ठरवलं. चोरांना कमानीतून यायला कुणी मनाई केली होती, हे मी विचारलं, पण चिडलेल्या माणसांना असले प्रश्न विचारून उपयोग नसतो. खिंडार बुजवायचा ठराव करायला रविवारी सकाळी ओपन स्पेसमधल्या शेडखाली मीटिंग भरली. मी तयारीनिशी गेलो. खिंडार म्हणजे आपल्या रस्त्याचाच शेवट आहे, म्हणालो, आणि रस्ता म्हणजे पुढे जाण्यासाठीच असतो. त्यावर भिंत घालता येत नाही. पुष्कळ माना हलल्या. मला वाटलं, जिंकलो.

कमिटीचा अध्यक्ष प्रेमराज शांत माणूस आहे. त्याने मंजूर नकाशाची प्रत काढली, टेबलावर पसरली आणि मला जवळ बोलावलं. रस्ता हद्दीच्या एक फूट अलीकडे थांबला होता. पुढे बारीक रेघ, आणि तिच्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं, ‘मालकाची राखीव पट्टी’.

“आबा,” तो म्हणाला, “अक्षर तुमचंच ना?”

माझंच होतं. कॉलनीच्या जमिनीचे मालक अमृतशेठ यांनी तेव्हा सांगितलं होतं की मागच्या शेतवाल्याला फुकट रस्ता द्यायचा नाही. ‘त्याला जोडायचं असेल तर पैसे घेऊन माझ्या दारात येऊ दे,’ असं शेठचं म्हणणं. अशा पट्ट्या तेव्हा सगळेच सोडायचे. मी ती इतकी नीट बसवली की मंजुरीच्या टेबलावरही कुणाला खटकली नाही. शेठने पाठ थोपटली होती, आणि मी दोन दिवस खुशीत होतो. मागचा शेतवाला शेठच्या दारात कधी गेलाच नाही. त्याने रस्ते फिरवले आणि पाठ आमच्याकडे केली. पुढे शेठच्या वारसांनी ती पट्टी कॉलनीला देऊन टाकली. भिंत तिच्यावरच उभी आहे, अगदी कायदेशीर. मीटिंगमध्ये ठराव मंजूर झाला. मंगळवारी गवंडी आला आणि दुपारपर्यंत काम संपलं.

बुधवारपासून मी रस्त्याने जायला लागलो. जाताना रिक्षा तासभराने मिळायची, येताना क्वचितच. अकराचा डबा साडेबाराला पोचायचा, वरण गार झालेलं असायचं. दुसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला आणि तीन दिवस मी गेलोच नाही. लिलाबाईच्या शेजारच्या पुष्पाबाईंनी तिला जेवू घातलं. चौथ्या दिवशी गेलो तर लिलाबाई म्हणाली की एवढे दिवस तिला भूक नव्हतीच. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि ते मला सहन झालं नाही.

त्या रविवारी मृणाली रिक्षा दारात उभी करूनच आली. पुन्हा तोच विषय निघाला, लिलाबाईने पुन्हा तेच उत्तर दिलं. मृणालीने माझ्याकडे पाहिलं. ती थकली होती, मी तिच्याहून थकलो होतो. मग मी लिलाबाईच्या पलंगावर बसलो आणि सांगून टाकलं.

“ती भिंत मना हातनी शे. रस्ता आठे येऊ नही, म्हनीसन मीच पट्टी काढी व्हती.”

हा प्लॉट घे, असं तिला मीच सांगितलं होतं. भावाच्या पाठीला पाठ लावून घर, मधून रस्ता होईलच, असं म्हणालो होतो. नर्सच्या नोकरीतली सगळी बचत तिने त्यात घातली होती.

“मंग मी प्लॉट लिधा, तवय तुले माहीत व्हतं?”

“व्हतं.”

रस्ता उघडेल कधीतरी, असं तेव्हा मला खरंच वाटलं होतं. पण ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

लिलाबाईने डावा हात मृणालीकडे केला. “उठाड माले,” एवढंच म्हणाली. आम्ही दोघांनी धरून तिला रिक्षात बसवलं. मृणालीने दाराला कुलूप लावलं, पिशव्या पायाशी घेतल्या. मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाज वाटत होती. स्टेशनला जाणारी रिक्षा आमच्या कमानीवरूनच जाते. मी बसू का, असं मी विचारलं नाही. बस, असं लिलाबाईही म्हणाली नाही.

रिक्षा वळली. मग मी घरी जायला चालू लागलो.