न कापलेला रबरी हात

मी एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून कोपरापर्यंतच; बोटे मला दिलीच नाहीत. आत स्पंज, वर माणसाच्या रंगाची कातडी. मूल काही वर्षे लांबवायचे असेल, तर बाईच्या दंडात कातडीखाली काडेपेटीच्या काडीएवढी कांडी बसवतात. ती बसवायला आणि काढायला डॉक्टरांनी माझ्यावर शिकावे, म्हणून मला वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आणले.

मित्रांनो, कांडी बसवायला सुईचे एक भोक पुरते. काढायला मात्र चीर द्यावी लागते. भांडार सांभाळणारे हरिदासभाऊ म्हणाले, कातडी एकच आली आहे, फाटली तर दुसरी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून बसवण्याचा सराव माझ्यावर झाला आणि काढण्याचे नुसते तोंडी सांगितले. पाहुणे म्हणत, "अजून नव्यासारखा आहे." मी फुशारून जाई.

सगळ्यांत सफाईने कांडी बसवत त्या सिंदी मेघेच्या डॉक्टर जागृती. माझ्या फळीसमोरच त्यांचे टेबल. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या अन्नपूर्णाला त्यांनीच कांडी बसवली होती. काही महिन्यांनी ती परत आली. अंगावरून रक्त जाणे थांबत नव्हते, उभ्याने काम होत नव्हते. कांडी काढून द्या, म्हणाली. डॉक्टरांनी सांगितले, धीर धर, अंगाला सवय होईल. पुन्हा आली, तेव्हा गोळ्या देऊन पाठवली. त्यानंतर आली, तेव्हा मात्र ती खुर्चीवरून उठेचना.

"घालाले येते, तं काढाले काऊन येत नाई तुमाले?" तिने हळूच विचारले.

डॉक्टरांची मान खाली गेली. त्या म्हणाल्या, "मले येत नाई, बाई. सांगाची लाज वाटे, म्हणून तुले चकरा माराले लावल्या."

दुसऱ्या दिवशी जागृतींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामहून मोठ्या डॉक्टर सुलोचनाताई आल्या. तुमच्या देखत मी काढू का, असे जागृतींनी त्यांना विचारले. अन्नपूर्णाने दंड पदराखाली घेतला.

"तुमी नाई," ती म्हणाली.

सुलोचनाताईंनी दंड बधिर केला, बारीकशी चीर दिली आणि कांडी बाहेर काढली. अन्नपूर्णाने ती निरखून पाहिली. "येवढीशीच व्हती?"

जागृती कापूस धरून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. फळीवर माझी गुळगुळीत कातडी चकाकत होती. ज्या कोरेपणाची मी शेखी मिरवली, तो तेव्हा अंगावर नकोसा झाला.

अन्नपूर्णा गेल्यावर जागृतींनी मला खाली घेतले आणि पाते उचलले. हरिदासभाऊ दारापर्यंत आले, पाते पाहून परत गेले.

आता माझ्या अंगावर चिरांना जागा उरलेली नाही. चिकटपट्ट्यांनी मला सांधले आहे. पाहुणे मला पाहून तोंड फिरवतात. फिरवोत. मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या या खोलीत शिकायला येईल. माझी कातडी वाचवू नका. चुकायचे ते माझ्यावर चुका, कितीही वेळा कापा. मला दुखत नाही.